ताशा माझ्या गळ्यात होता

ढोल आपणहून कधी सुरू होत नाही. आधी ताशा बोलतो, मग ढोल त्याच्या मागं जातो. हे मला अब्बांनी शिकवलं, पातेलं पालथं घालून. अब्बा बावड्यातल्या बँडमध्ये ताशा वाजवायचे. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव त्यांनीच वाजतगाजत मांडवापर्यंत पोचवले असतील. आम्ही मुसलमान, हे तेव्हा कुणाला आठवायचं नाही.

नववीत मी इंदापूरच्या शाळेत होते. मुलींच्या ढोलपथकात ताशा माझ्याकडं. दोन महिने सराव केला. शाळेच्या गणपतीच्या मिरवणुकीला चार दिवस राहिले आणि पथकाचा मोबाईलवरचा ग्रुप एकदम गप्प झाला. मला वाटलं, रेंज गेली. कसली रेंज! मला वगळून दुसरा ग्रुप काढला होता. माझ्याच बाकावर बसणारी, रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चाटूनपुसून खाणारी मैत्रीण भर वर्गात म्हणाली, "गणपती आपला हाय. ही आपल्यातली न्हाय."

सरांकडं गेले, तर म्हणाले, वाद नको, यंदा राहू दे. घरी अब्बांचंही तेच. मी रडले, आणि रडल्याचाच जास्त राग आला. माझं चुकलं काय, ते तरी सांगा की कुणी!

मिरवणुकीदिवशी अब्बांचा ताशा गळ्यात अडकवला आणि पेठेत एका कापडदुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. पथक आलं. माझ्या जागी घेतलेल्या पोरीनं चार दिवसांत शिकावं तरी किती? तिचा हात चुकला, ढोल भरकटले, बघे हसायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी काड्या चालवल्या. कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, पण सवयीनं सगळे ढोल माझ्या ताशामागं आले.

वाजवणं थांबल्यावर मैत्रीण ढोल सावरत पायरीशी आली. सर पथकात बोलवतायत म्हणाली.

"वर्गात बोललीस ते आता हितं बोल," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. मी कुणातली हाय?"

ती ढोलाची दोरी आवळायला लागली. मी पायरी उतरले आणि रांगेपुढं माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. नवी पोरगी आपणहून बाजूला झाली. ढोलांवर पडायची सगळ्यांची टिपरं वर, सगळ्यांचे डोळे माझ्या काड्यांवर.

मी मुद्दाम थांबले. जरा जास्तच थांबले.