मावसांचे सहा ओहम

जगातलं प्रत्येक दुखणं व्होल्ट आणि अँपिअर मोजले की सापडतं, असं मानणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. आमचे मावसा जळगावच्या एका पाइप कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले आणि एरंडोलला घरी परतले, तेव्हापासून सदऱ्याच्या खिशात मीटर घातल्याशिवाय त्यांनी उंबरठा ओलांडलेला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं सुरू करणार, तोच मावसा मांडवाच्या खांबावरून ओरडले, "थांबा! मांडव पंधरा अँपिअर ओढी ऱ्हायना. दोनशे तीस गुणिले पंधरा, साडेतीन हजार वॅट, आणि वायर शे पाच अँपिअरनी!" वायर बदलेपर्यंत नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना घामाघूम होत उभे राहिले. मुहूर्त टळला, मांडव वाचला. मी त्यांना हजार वॅटची इस्त्री भेट दिली, तर त्यांनी ती मोजली, नऊशे वीसच भरली, आणि ऐंशी वॅट कुठे गेले हे विचारायला ते एसटीने जळगावला दुकानात गेले. दुकानदाराने बिचाऱ्याने चहा पाजला. मावशी या सगळ्याला हसायची. "नवरीना मुखडा दखाना सोडीसन वायर दखतस," म्हणायची.

गेल्या वर्षी मावशीची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते मशीन दुपार झाली की पिपाण्या वाजवून बंद पडायचं आणि मावशी धापा टाकायची. मावसा चार दिवस वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. पाचव्या दिवशी मी पोचलो, तेव्हा ते रागारागात पुरावा गोळा करायला निघाले होते. मीटरपेटीपाशी दोनशे पंधरा व्होल्ट भरले. मावशीच्या खोलीत एकशे पंच्याऐंशी, आणि मशीनला निदान दोनशे हवेत. मावसांनी बोटांवर हिशेब मांडला. "तीस व्होल्ट मधेच गळी गयात. करंट पाच. तीस भागिले पाच, सहा ओहम. तीस गुणिले पाच, दीडशे वॅट." दोन पंखे चालतील एवढी वीज घरातल्या वायरमध्येच जळत होती, आणि ती वायर मावसांनी स्वतः टाकलेली होती, तीस वर्षांपूर्वी.

"बठ्ठा गावनं मोजं," ते म्हणाले, "घरनंच राही गयं."

सोबतीला छोटं सिलिंडर होतं, तीन तास पुरणारं. वीज बंद करून तेवढ्या वेळात काम उरकायला बहात्तर वर्षांचा हा माणूस शिडीवर चढला, मी खाली शिडी धरून. तीन जोड कोळशासारखे काळे निघाले. नवी वायर ओढून झाली तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मावसा खाटेच्या कडेला उभे राहून लहान मुलासारखे रडले. मावशी नळी सावरत म्हणाली, "तुमनी वायरवर तीस वरीस संसार चालना. आते आठे बसा दखू." ते बसले.

त्यानंतर मावशी आठ महिने होती, आणि मशीन एकदाही थांबलं नाही. मला मावसांचं फार वाईट वाटतं, म्हणून दर भेटीत मी त्यांना हे सांगतो. ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, "पण पाच दिन तिले श्वास कमी पडना, भो."