घाम सुकूंदे आधी

मी मलेशियात पेनांगला निघाले त्या सकाळीही बाबा रापणीवर होते. किनाऱ्यावरून ते मोठं जाळं ओढायचं म्हणजे सगळी वाडी दोराला लागते, आणि त्या दोरापुढे माझ्या बाबांना लेक-जावई काही दिसत नाहीत. मालवण स्टँडवर गाडी सुटायच्या बेतात असताना ते धावत आले, घामाने चिंब. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आई त्यांच्यावर खेकसली, "घाम सुकूंदे आधी, मगे बोला!" घाम काही सुकला नाही आणि गाडी सुटली. ते काय बोलणार होते कोण जाणे. नंतर विचारलं तर म्हणाले, विसरलो.

नवरा इथे एका हॉटेलात शेफ आहे. मी कुडाळला नर्स होते, इथे घरात बसून जीव आंबला. म्हणून एका चिनी बाईंच्या क्लिनिकमध्ये ॲक्युपंक्चर शिकायला लागले. त्यांना सगळे 'सिनसे' म्हणतात, म्हणजे वैद्य. वय झालंय, बोलणं तुटक, पण शिकवायला लागल्या की ऐकतच राहावं. सकाळी त्या भाताची पेज खातात. पहिल्या दिवशी ती वाटी बघितली आणि मला रडूच कोसळलं. त्यात मिठाऐवजी सोया सॉस होता, पण पेज ती पेजच की!

त्या वाटीवरच सिनसेंनी मला 'ची' आणि शरीरातले द्रव यांचं नातं समजावलं. ची म्हणजे अंगाला चालतं ठेवणारी शक्ती. द्रव म्हणजे घाम, अश्रू, लाळ, सांध्यांतलं वंगण. खाल्ल्या-प्यायल्यातून हे द्रव बनवते ची, अंगभर फिरवते ची, आणि नको तिथे गळू नयेत म्हणून धरूनही ठेवते तीच. ती अडली की पाणी साचतं, सूज येते. मला वाटलं, म्हणजे ची मालकीण आणि पाणी तिचा गडी. तर सिनसे म्हणाल्या, छे छे, ची एकटी राहूच शकत नाही. ती द्रवांच्या आधारानेच अंगात राहते, आणि ते फार वाहून गेले की त्यांच्याबरोबर तीही निघून जाते. म्हणून घामाने निथळत आलेल्या माणसाला सुई लावायची नाही. बसवायचं, कोमट पाणी द्यायचं, वाट बघायची. केवढा बारीक विचार! कुठल्या जमान्यातली ती माणसं, पण घामाच्या थेंबाबरोबर आणखी काय निघून जातं, हे त्यांनी शोधत बसावं? मी मनातल्या मनात हात जोडले. आणि आईचं ते स्टँडवरचं खेकसणं आठवलं.

बाबांना मात्र माझं शिक्षण म्हणजे थट्टेचा विषय. फोनवर म्हणायचे, "सुयो टोचून पोट भरतंस?" त्यांचा उजवा खांदा धरलेला, हात वर जात नव्हता. दोर ओढून ओढून झालेलं ते. माझा एकच हट्ट होता, सुट्टीत गावी गेले की हा खांदा मी बघणार. कुठकुठल्या लोकांचे खांदे माझ्या हाताखालून जातात, आणि जन्मदात्याने हात लावू देऊ नये?

गेले. रोज विचारलं, रोज तेच उत्तर, "उद्या बघूया." परतायच्या दिवशी दारात भाड्याची गाडी उभी, बॅगा चढलेल्या, आणि बाबा रापणीवरून आले. घामाच्या धारा, ओठ सुकलेले, धाप लागलेली. ओट्यावर टेकले, सदरा काढला आणि खांदा माझ्यापुढे केला.

"टोच गो बाय. बघूया तुझी विद्या."

मी सुयांची डबी काढली आणि हात तिथेच थांबला. किती वाट बघितली होती या खांद्याची! आता नाही म्हटलं तर पुढची सुट्टी येईपर्यंत थांबायचं, आणि बाबांचं मन तोवर फिरलं तर? पण पाठीवरून घाम वाहतच होता. मी म्हटलं, "आता नाही, बाबा. घाम सुकूंदे आधी. पेज घ्या." बोलताना माझेच डोळे भरून आले.

बाबा असे हसले की शेजारची काकी बाहेर आली. "ह्यां तुका त्या चिनणीन शिकवल्यान, काय तुझ्या आवशीन?"

आईने पेज आणली. ते भुरके मारत प्यायले, धाप बसली, पण अंग कोरडं होईपर्यंत ड्रायव्हर थांबेना. विमान काही माझ्या बाबांसाठी थांबणार नव्हतं. डबी न उघडताच मी निघाले, आणि विमानतळ येईपर्यंत रडत होते.

माझ्यासारखे देशाबाहेर राहणारे तुम्ही सगळे विचारता, आता घर म्हणायचं कशाला, इथल्याला की तिथल्याला? मलाही ठाऊक नव्हतं. इथे घामाघूम पेशंट आला की माझ्या तोंडून मालवणीच बाहेर पडते, आणि तो बिचारा काही न कळता खुर्चीत बसतो. पण परवा आईचा फोन आला. बाबांनी रापणीवरच्या सगळ्यांना आत्तापासूनच बजावून ठेवलंय, "माझां चेडू येतला त्या दिवसाक माका हाक मारू नकात." मी देश सोडला त्या दिवशीही ज्याने दोर सोडला नाही, तो माणूस म्हणे त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर बसून राहणार आहे, कोरड्या अंगाने.