पाटीवरचे भाऊजी

माझ्या सासरी सहा भावंडं, आणि त्यातली पाच कलावंत. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता, असं मी यांना अधूनमधून ऐकवत असते. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे थोरले, दुकानांच्या पाट्या रंगवतात. यांच्या पाठची नणंद बाहुल्या करते आणि त्यांचे खेळ लावते. शेंडेफळ नाटकं लिहितं. उरलेल्यांपैकी धाकटी नणंद गाते आणि तिच्यावरचा भाऊ हात धुऊन तिच्या मागे लागल्यासारखा वाजवतो. सगळे एकाच घरात, एकाच टेबलाशी जेवतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून मला करून आणलं असावं, अशी माझी जुनी शंका आहे.

सहावे आमचे मधले भाऊजी. त्यांना कुठलीच कला येत नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ते काचा घासतात आणि फ्रेममध्ये बसवतात. त्यांच्यात गुण एकच, तो म्हणजे बसणं. एकदा बसवलं की बसले. नाकावर माशी बसली तर तिलाही बसू देतील. ज्या घरात कुणी घडीभर एका जागी ठरत नाही, तिथे असा माणूस म्हणजे आयतंच घबाड. पाचही जणांनी त्यांना वाटून घेतलं.

दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर गाल सुजलेला जो माणूस आहे, ते आमचे भाऊजी. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत 'आधी' असं लिहिलंय तिथेही भाऊजीच. 'नंतर'ला यांनी दुसरंच कुणीतरी काढलं. नणंदेच्या खेळातल्या लोभी राजाचं नाक भाऊजींचं आहे. शेंडेफळाच्या प्रत्येक नाटकात एक खलनायक असतो आणि तो बोलण्याआधी भाऊजींसारखा घसा खाकरतो. भाऊजींनी कधी ब्र काढला नाही. काम करून थकून यायचे, हातपाय धुवायचे आणि कुणी म्हणालं, 'जरा बस रे,' की बसायचे.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कुलपवाल्याची पाटी. दुकानाच्या दाराशेजारी माणसाच्या उंचीची पाटी आणि तिच्यावर चोर. हातात किल्ल्यांचा जुडगा, जरा वाकून दाराच्या कुलपाकडे बघतोय. वर ठसठशीत अक्षरं: 'हा तुमच्या घरी येण्याआधी तुम्ही आमच्याकडे या.' चोर कोण ते सांगायला नकोच. पाटी लागल्यापासून भाऊजी बसमध्ये चढले की बायका पर्स छातीशी धरतात. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही, पण धरतात खऱ्या.

एकदा सासूबाईंच्या चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून मी भाऊजींच्या दुकानात गेले. तिथे एक बाई उभ्या होत्या, समोरच्या माणसाकडे डोळे बारीक करून बघणाऱ्या. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवतात, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"आज तरी मिळेल का हो चष्मा?" त्यांनी विचारलं.

"काचेवर बारीकसा ओरखडा राहिलाय," भाऊजी म्हणाले. "तेवढा काढतो. परवा या."

"मला तर दिसत नाही ओरखडा. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

मग त्या लगेच गेल्या का? छे. वर्गातला एक मुलगा खोडरबर कसा खातो ते त्यांनी रंगवून सांगितलं आणि भाऊजी हसले. भाऊजींना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसलं की चित्र बिघडतं, म्हणून घरात त्यांना कुणी हसूच देत नाही. मी काडी विसरले आणि बघतच राहिले.

बाई गेल्या तशी मी काउंटरच्या आत शिरले आणि खण उघडला. मऊ कापडात गुंडाळलेला चष्मा तयार होता. ओरखडाबिरखडा काही नव्हता.

"भाऊजी, हा कुणाचा?"

"त्यांचा."

"मग दिला का नाही?"

भाऊजींनी घसा खाकरला. "वहिनी, त्यांची शाळा कुठे आहे माहीत आहे ना?"

"आहे की. कुलपवाल्याच्या समोर," मी म्हणाले आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला.

"त्यांना लांबचं दिसत नाही," भाऊजी खाली मान घालून सांगू लागले. "चष्मा लावला की आधी मी दिसेन आणि शाळेच्या दारात गेल्या की तो दिसेल. मग कशाला येतील परत? अजून चार दिवस तरी मी त्यांना बरा माणूस वाटू दे."

 माझा स्वभाव असा की कळवळा आला की मी आधी रागावते. "अहो, ती बाई पहिलीच्या पोरांना रस्ता ओलांडून देते. स्वतःचं तोंड लपवायला तुम्ही तिचे डोळे गहाण ठेवलेत होय?"

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "आत्ता जाऊन देऊन येतो," म्हणत ते उठलेच.

"थांबा. उद्या रविवार, शाळा बंद. सोमवारी द्या. तोवर पाटीचं मी बघते," मी म्हणाले. तत्त्व आपल्या जागी, सोय आपल्या जागी.

जेवताना मी विषय काढला. भाऊजी ताटात बघून जेवत राहिले आणि बाकी घर पेटलं.

"त्या चोराला हात लावायचा नाही," हे म्हणाले. "तो मी काढलेला सर्वांत चांगला चेहरा आहे."

"चेहरा तुमचा नाही, भाऊजींचा आहे," मी म्हणाले.

नणंद म्हणाली, चोराला दाढी लावू. शेंडेफळ म्हणालं, दाढी नको, आपण बाईंना सांगू की याचा एक जुळा भाऊ होता आणि तो वाया गेला. त्याला लगेच पहिला अंक सुचायला लागला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दोघांनी काही सुचवलं नाही, पण टेबलावर ठेका मात्र धरला.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "माझ्या पोराचं तोंड वापरून वापरून झिजवलंत तुम्ही सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "उद्या पाटी बदलली नाही तर परवापासून या घरात स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा."

कलेपुढे हे कुणाचं ऐकत नाहीत, पण भुकेपुढे ऐकतात. "मग चोर म्हणून बसणार कोण?" यांनी विचारलं. सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. शेवटी हे न्हाणीघरातला दाढीचा आरसा घेऊन आले.

रविवारी दिवसभर हे कुलपवाल्याच्या दारात स्टूल टाकून, आरशात बघत रंगवत बसले. संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. पाटीवर माझा नवरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. कुलपवाला खूश होता. "इतकी वर्षं काहीतरी कमी वाटायचं," तो मला म्हणाला. "आता कसा अस्सल चोर वाटतो!" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे संन्याशाला सोडून चोराला मिळाली. मी यांना अजून यावरून सोडलेलं नाही.

सोमवारी भाऊजींनी चष्मा दिला. घरी आल्यावर सगळ्यांनी त्यांना घेरलं.

"त्यांनी लावला. माझ्याकडे बघितलं. 'बरं झालं' म्हणाल्या आणि गेल्या."

'बरं झालं' म्हणजे काय, यावर जेवण संपेपर्यंत चर्चा झाली. शेंडेफळाने ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं आणि प्रत्येक सुरात ते आधीपेक्षा वाईट वाटलं. भाऊजी अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कामावरून येऊन हातपाय धूत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात बाई, नाकावर नवा चष्मा आणि कपाळावर आठ्या. आमच्या घराचा पत्ता यांच्या पाटीच्या कोपऱ्यात असतोच, तो वाचून आल्या होत्या.

"ती चोराची पाटी कुणी रंगवली?"

एरवी ज्यांचं कशावर एकमत होत नाही, त्या सगळ्यांनी यांच्याकडे बोट दाखवलं. बाईंनी यांना खालीवर न्याहाळलं. "म्हणजे तिथे आता तुम्ही बसलाय होय? आणि आधीचा चोर कुठे गेला?"

भाऊजींच्या हातातला टॉवेल गळून पडला. मीच विचारलं, "तुम्हाला तो दिसत होता?"

"बसच्या थांब्याला लागूनच आहे पाटी. मला लांबचं दिसत नाही, जवळचं चांगलं दिसतं. रोज शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत मी त्या चोराच्या खांद्याला खांदा लावून उभी असते."

जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला आणि एवढी साधी गोष्ट भाऊजींना सुचली नव्हती. बाकीच्या पाच बुद्धिमंतांचं तर विचारूच नका.

"तुम्हाला त्याची भीती नाही वाटली?" यांनी विचारलं. यांच्या आवाजात थोडी आशा होती.

"भीती? तो कुलपाकडे असा बघायचा, की वाटायचं, आता विचारेल, 'तुमचं कुलूप अडकतंय का? दुरुस्त करून देऊ?' त्याला बघितलं की माझा दिवसभराचा शीण जायचा. मग एक दिवस चष्म्याचा नंबर वाढला म्हणून दुकानात गेले, तर हेच आतून बाहेर आले," बाई भाऊजींकडे बघत म्हणाल्या.

"थांबा," मी म्हणाले. "नंबर वाढला? म्हणजे जुना चष्मा होता?"

बाईंनी पर्समधून जुना चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आहे की. शाळेत घालते. यांच्या दुकानात शिरताना काढून ठेवायचे. नाहीतर सारखं सारखं विचारायला जायला कारण काय उरलं असतं?"

भाऊजी शेर, तर या सव्वाशेर. आणि या बाईच्या डोळ्यांची काळजी करत मी दोन दिवस तळमळले होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांना आधी बसायला सांगायचंही विसरले.

यांचं मात्र तोंड पडलं होतं. इतकी वर्षं आपण भयंकर चोर काढलाय अशी यांची समजूत होती. पण कलावंत माणूस, लगेच सावरले. "हरकत नाही, तुमचा चोर परत काढून देतो," हे म्हणाले आणि स्टूल ओढलं. "बस रे इथे. उजेड आहे तोवर चेहरा उरकून टाकू."

सवयीने भाऊजी बसलेसुद्धा. नणंदेने तेवढ्यात माती काढली आणि शेंडेफळाने पेन्सिल कानावरून उतरवली. म्हटलं, झालं. आता बाई उभ्याच राहणार आणि हा माणूस उजेड जाईपर्यंत हलायचा नाही.

भाऊजी उठले.

"आज नाही, दादा. मला यांना थांब्यापर्यंत सोडायचंय."

"अरे, मग मी कुणाला बघून काढू?"

"इतकी वर्षं मला बघत होतास ना? आठवून काढ."

आवाज चढवला नाही, काही नाही. चपला घातल्या आणि दोघं जिना उतरून गेली.

हे कागद घेऊन बसले. पहिल्यांदा गाल आला तो सुजलेला. तो पुसला. मग भुवया आल्या त्या चोराच्या. त्याही पुसल्या. नाक जमेना म्हणून नणंद मदतीला गेली, तर तिच्या हातून लोभी राजा उतरला. बऱ्याच वेळाने यांनी मान वर केली. यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"नुसता तो कसा दिसतो गं?" यांनी मला विचारलं.

मी नणंदेकडे बघितलं, तिने शेंडेफळाकडे. इतकी माणसं, इतकी बोलकी, आणि एकालाही सांगता येईना. 

"त्या पोरीला विचारा," सासूबाई आतून म्हणाल्या. "तिने बघितलंय त्याला."