माझी निर्जळी

हे लिहायला बसलो तरी कानशिलं गरम होतात. पण ज्याच्यापुढे काही लपतच नाही, त्याच्या कृपेची गोष्ट अर्धी झाकून सांगणं बरं नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी साठीला आलो होतो. केदारखेड्याजवळ आमची शेती, आणि गावच्या गणपतीच्या आरतीचा मान आमच्या घराकडे. त्या वर्षी मला लघवीचा त्रास सुरू झाला. बसावं तेव्हा थेंब थेंब यायची आणि नको तेव्हा आवरायची नाही. बायकोला सांगायची लाज, मुलाला सांगायची त्याहून जास्त. मग मी माझ्या अकलेने उपाय काढला, पाणीच सोडलं. लग्नाला जायचं असो की एसटीने भोकरदनला, आदल्या दिवसापासून तांब्याला हात लावायचा नाही. कुणी पाणी पुढे केलं की म्हणायचो, "आज निर्जळी हाय माझी."

चतुर्थीला पाण्याशिवाय राहणारे आमच्याकडे मोजकेच. मी तर चतुर्थी सोडून इतर दिवशीही राहू लागलो. लोकांना वाटलं, म्हातारा देवाला लागला. बाया लेकरांना माझ्या पायावर घालू लागल्या. हसनाबादच्या व्याह्यांनी तर माझा कित्ता गिरवत चहा सोडला. मी नको नको म्हणायचो, पण खरं कारण सांगण्यापेक्षा साधू म्हणवून घेणं सोपं होतं. पुढे जळजळ वाढली, कंबर धरली, एकदा रक्तही दिसलं. तेव्हाही मी मोरीत बादली ओतली आणि गप्प बसलो.

अंगारकीला बायकोबरोबर राजूरच्या गणपतीला गेलो. रांग हलता हलत नव्हती. गर्दीच्या रेट्यात माझा ताबा सुटला आणि धोतर ओलं झालं. पळावं तर दोन्हीकडून बांबू बांधलेले. बायको पुढे पाठमोरी उभी, तिला पत्ता नाही. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "मोरया, मला आता इथूनच उचल." तेवढ्यात कमरेखाली गार पाण्याचा लोट आला. मागच्या म्हातारीने अभिषेकाला आणलेली अख्खी कळशी माझ्यावर ओतली होती. "अगं बाई, हातच सुटला की माझा!" ती मोठ्याने म्हणाली. लोक तिच्यावर खेकसले. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, लाजू नका. आमच्या मालकाचं बी असंच होऊन राह्यलं होतं. दवाखान्यात चला म्हणलं की न्हाई म्हणायचे. लाजता लाजताच गेले. तुमी जल्दी दाखवा."

हे बायकोने ऐकलं. ती वळली. "कधीपासून हाय हे? अन् त्या निर्जळ्या?"

"त्याच्याचपायी," मी म्हणालो.

तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसते आहे, पण ती रडत होती. तसाच ओला मी गणपतीपुढे गेलो. काय मागावं ते सुचलं नाही. मान खाली घालून उभा राहिलो, बस. बाहेर आल्यावर म्हातारी कुठे दिसली नाही. घरचे म्हणतात, देवच तिच्या रूपात आला. मला ती आपला माणूस गमावलेली एक बाई वाटली, आणि तिला माझ्यामागे उभं करणारा तोच, एवढं मला पुरे आहे.

जालन्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईच्या कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयात धाडलं. तिथल्या बाकांवर माझ्या वयाचे कितीतरी पुरुष बसले होते आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. डॉक्टरांनी मागून बोट घालून गाठ चाचपली, मग सुईने तुकडा घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, पण हाडांत उतरला नव्हता. वृषण काढावे लागतील, मग किरणांचे शेक द्यावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. मी भिंतीकडे तोंड केलं. पुरुष म्हणून काय उरणार, हे बोलायची सोय नव्हती. बायकोच म्हणाली, "मला तुमी पाहिजे. बाकीचं जाऊ द्या." ऑपरेशनच्या टेबलावर कपड्यांविना पडलो तेव्हा मी पहिल्यांदा काही न झाकता देवाला हाक मारली. तू बघ आता, म्हणालो. आणि खरंच झोप लागली.

बरा होऊन गावी आलो. चतुर्थीच्या आरतीनंतर एका सुनेने बाळ माझ्या पायावर घातलं आणि मला राहवेना. सगळ्यांदेखत खरं सांगून टाकलं, निर्जळी कशासाठी होती ते, आणि काय कापलं तेही. मग माझा चुलतभाऊ खो खो हसला, त्याच्यामागे बाकीचे हसले. मी खाली मान घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तोच चुलतभाऊ अंगणात येऊन उभा. आत येईना, वर बघेना. टोपी हातात चोळत म्हणाला, "दादा, मुंबईला तुमी कोन्त्या गाडीनं गेल्ते?"

मी चपला घातल्या आणि जालन्याच्या एसटीत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. वाटेत राजूरचा कळस दिसला तेव्हा आम्ही दोघांनी हात जोडले. मोरया, माझी लाज तू वेळेवर काढून घेतलीस, तुझे उपकार कसे फेडू.