मावशीचा अबोला

"आज मी त्याच्यासंगं बोलून नाही राहिली, मास्तर," असं म्हणून मावशी प्रार्थनामंदिरात शेवटच्या बाकावर क्रुसाकडे पाठ करून बसायची. तो म्हणजे देव.

गोंदियातल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या उकळून, वाळवून, गुंडाळून ठेवायचं तिचं काम. जवळच्या मुर्री गावाहून पायी यायची. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता देवाला झापायची, "काल कुठं गेलता तू? दोन बाया अडल्या होत्या इथं!" बाजारातून उशिरा आलेल्या नवऱ्याला विचारावं तसं.

मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. माझी प्रार्थना म्हणजे अर्ज. आधी पापांची यादी, मग क्षमायाचना, मग यादीत काही राहून गेलं असल्यास त्याचीही क्षमा. एकदा मावशी अर्ध्यातूनच उठून गेली. बाहेर भेटल्यावर म्हणाली, "तुमचा बाप लय मारत होता का जी, मास्तर?"

मारत होता. पण ते मी तिला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात मावशीची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली. मग अबोला लांबला. दर रविवारी यायची, पाठ करून बसायची, गाणं म्हणायची नाही.

पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दोन महिन्यांनी एकदा रेल्वेनं येत, तेव्हा प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून घ्यायची. ज्याचं कुणाशी भांडण असेल त्यानं समेट केल्याशिवाय भाकर घ्यायची नाही, हा नियम. भाकर घेणाऱ्यांची यादी पंचानं करायची. मी मावशीला विचारलं, "कुणाशी भांडण आहे?"

"तुमाले माहीत हाये. त्याच्यासंगंच."

मी नियम लावला. देवाशी भांडण म्हणून देवाच्याच पंगतीतून तिचं नाव खोडलं. खोडताना मला फार धार्मिक वाटलं, हेही कबूल करतो.

"घरी भांडली म्हणून मी शेजाऱ्याकडं जेवाले जाऊ का?"

"आधी त्याची माफी माग."

"मी कायले? पोरगी माझी गेली. त्यानं मागावी. मागंल तो. म्हणून तं येऊन बसते."

रविवारी पाळक ताट घेऊन तिच्यापर्यंत आले. मी नकारार्थी मान हलवली. ते पुढे गेले. मावशीनं पुढे केलेली ओंजळ हळूच पदराखाली घेतली.

त्या दिवशी ती क्रुसाकडे तोंड करून बसली होती. हे माझ्या ध्यानात आलं घरी गेल्यावर.

मी मात्र भाकर घेतली होती. माझं देवाशी कधीच भांडण झालेलं नाही. तेवढी ओळखच नव्हती.

तिची माफी मागायची ठरवलं. माफी मागण्याचा मला केवढा सराव, पण सगळा देवापुढचा. मुर्रीच्या रस्त्याला दोनदा लागलो आणि दोनदा परतलो. शेवटी पुढच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर घातलं. म्हटलं, प्रभुभोजनाच्या रविवारी येईलच.

यादीत जितकी नावं तितके भाकरीचे तुकडे. त्या रविवारी तुकडे करून झाल्यावर मुर्रीची तिची शेजारीण दारात आली. मावशी सडक अर्जुनीला भावाकडे गेली होती. तिथंच तापानं गेली. शुक्रवारी मातीही झाली.

उपासना संपली तेव्हा ताटात एक तुकडा उरला होता. ही भाकर टाकायची नसते. "पंचानं घ्यावी," पाळक म्हणाले आणि ताट माझ्यापुढे धरलं.

मी ओंजळ पुढे केली.