ठराव आणि आत्याबाई

सरपंच झाल्यावर ग्रामसभेत मी पहिला ठराव घेतला तो बांगड्यांचा. नवरा गेला म्हणून आमच्या गावात कुठल्याही बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सगळे हात वर झाले. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं, मी ऐटीत सही केली, वर शिक्काही मारला. तालुक्याला, भूमला, एका बैठकीत कौतुक झालं, तेव्हा तर मी फुगूनच घरी आले.

सभेला आमच्या भावकीतल्या थोरल्या आत्याबाई नव्हत्या. त्यांच्या वयाच्या बायका ग्रामपंचायतीची पायरी चढत नाहीत, आणि त्यांना मुद्दाम बोलवावं असं मलाही वाटलं नाही. त्या माझ्या चुलत सासू, स्वतः विधवा. पद म्हणाल तर कुठलंच नाही. पण बारसं असो की तेरावं, त्यांना विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत पान हलत नाही.

शेजारच्या सुनेचा नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा ती एकदा हळूच म्हणाली, "ताई, काय बरंवाईट झालं तर माझ्या बांगड्या फोडू दिऊ नका. लेकीनं बाजारातनं निवडून आणल्यात."

"माझी सही आहे ठरावावर," मी म्हणाले. "बघू कोण हात लावतंय!"

पुढं तो गेला. अंगणात बायका जमल्या. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिला जरा धीर आल्यासारखा वाटला. मग आत्याबाई आल्या, तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "हात पुढं कर, बाळा."

आणि तिनं हात पुढं केले! कुणी धरलं नाही, ओढलं नाही, दरडावलंसुद्धा नाही. मी हबकलेच.

"थांबा!" मी ओरडले. "ग्रामसभेचा ठराव आहे. कुणी हात लावायचा नाही!"

त्या ठरावाला हात वर केलेल्या बायका खाली बघू लागल्या.

आत्याबाई चिडल्या नाहीत. माझ्याकडं नीट बघून सावकाश म्हणाल्या, "आगं, डोईवरचा पदर पडलाय तुझा. घे की."

माझा हात डोक्याकडं गेला. मी, गावची सरपंच, क्षणभर विचारही केला नाही. पदर सावरून हात खाली आणेपर्यंत फरशीवर काचा पडल्या होत्या.