खुणेवरची टक्कर

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. प्रयोगाच्या कपाटात एक तराजू आणि टवका उडालेला लोलक, एवढंच सामान. म्हणून एकदा घरची परात शाळेत नेली, काठाला खडू बांधला आणि ती भिंतीलगत जमिनीवरून सरळ गडगडवली. भिंतीवर कमान उमटली. ती उलटी केली की जो आकार होतो, तशी लाकडी पन्हळ करून द्या, असं सुताराला सांगितलं. अशा पन्हळीत समोरासमोरून दोन गोळ्या एकदम सोडल्या, एक उंचावरून आणि एक तळाजवळून, तरी दोन्ही तळाशी एकाच वेळी पोचतात.

"बेनजी, जो नजदीक है वो पहले आएगा. सीधी बात है," सुतार म्हणाला.

त्याने आणलेली पन्हळ देखणी होती. मी तळाशी खूण केली आणि दोन बाजूंनी लोखंडी छर्रे सोडले. जवळचा छर्रा खूण ओलांडून बोटभर पुढे गेला आणि तिथे दुसऱ्यावर आदळला. तीनदा तेच.

"मैंने बोला था," तो म्हणाला; पण खूश दिसेना.

मी पन्हळ भिंतीवरच्या रेघेशी ताडून पाहिली. जुळेना. "तुम्ही वर्तुळासारखी गोल केलीत का?"

"आपकी लकीर टेढ़ी थी, बेनजी. मैंने सुधार दी."

मला राग आला. प्रयोगाचं सामान मिळावं म्हणून मी मागणी केली होती आणि सोमवारी शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. "टेढ़ीच पाहिजे," मी म्हटलं. त्याने रेघ कागदावर उतरवून घेतली.

सोमवारी तो नवी पन्हळ घेऊन आला आणि वर्गाच्या दाराशीच थांबला. साहेबांनी स्वतः छर्रे सोडले. टक्कर बरोबर खुणेवर. एक छर्रा आणखी वरून सोडला, तरी तिथेच. मुली ओरडल्या.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण मुलींना याचा उपयोग काय?"

सामानासाठी केलेली मागणी पुढे नामंजूर झाली.

काही दिवसांनी शाळा सुटल्यावर सुतार बायकोला घेऊन आला. त्याने तिला प्रयोग दाखवला. तिने त्याच्या हातातले छर्रे घेतले, आपल्या हाताने चार-पाच वेळा सोडून पाहिले आणि माझ्याकडे वळली.

"असो क्यूं होवे, बेनजी?"

मी सांगायला बसले. नीट सांगता आलं नाही. ती दोघं मात्र तासभर ऐकत होती.